औषध थेट मेंदूजवळ पोहोचवणाऱ्या लीना स्टर्न, ज्यांना स्टालिनने तुरुंगात टाकलं

रक्तातून दिलेलं औषध मेंदूत पोहोचेलच असं नाही. मध्ये एक पडदा असतो, तो बरीच औषधं आत सोडत नाही. ब्लड-ब्रेन बॅरियर. १९२१ साली हे नाव रूढ केलं लीना स्टर्न यांनी.

१८७८ चा जन्म. जिनिव्हा विद्यापीठातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९२५ ला मॉस्कोला गेल्या आणि तिथं त्यांनी आडवाट काढली. पडदा ओलांडता येत नाही ना? मग मानेच्या वर, कवटीच्या मागच्या बाजूने सुई घालायची आणि औषध मेंदूभोवतीच्या द्रवात सोडायचं. आधी प्राण्यांवर प्रयोग झाले. मग युद्धात शॉकमध्ये गेलेल्या सैनिकांवर. पुढं क्षयरोग मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेल्या मुलांना याच वाटेनं स्ट्रेप्टोमायसिन दिलं. त्याआधी हा आजार म्हणजे जवळपास मरणच.

१९४३ ला त्यांना स्टालिन पुरस्कार मिळाला. १९४९ ला त्याच स्टालिनच्या पोलिसांनी सत्तर वर्षांच्या लीनांना उचललं. कारण काय, तर त्या ज्यू फॅसिस्टविरोधी समितीत होत्या. १९५२ ला खटल्यातल्या १३ जणांना गोळ्या घातल्या. लीनांची रवानगी कझाकस्तानात झाली. स्टालिन गेल्यावर त्या मॉस्कोला परतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाल्या. १९६८ ला त्यांचं निधन झालं.