शिवराम जानबा कांबळे आणि एक्कावन्न गावांचा अर्ज



भोर-वेल्ह्याकडच्या आपल्या वडीलधाऱ्यांना गावकीची कामे नव्याने सांगायला नकोत. वेशीवर राखण करायची, दवंडी पिटायची, आल्यागेल्या अंमलदाराचे ओझे वाहायचे, सरकारी सारा कचेरीत पोचवायचा आणि पाटलाचा कागद पुढच्या गावी नेऊन द्यायचा. नीरा आणि गुंजवणीच्या खोऱ्यांत पावसापाण्यात, रात्री-अपरात्री हे कागद महाराच्या हातून गेले. हातातल्या कागदात काय लिहिले आहे ते त्याला बहुधा वाचता येत नसे. त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे मात्र क्वचितच कागदावर चढे. ते चावडीपुढे जोहार करून तोंडी मांडायचे आणि तिथेच विसरायचे, अशीच रीत होती.

ही रीत मोडणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे शिवराम जानबा कांबळे. परमपूज्य बाबासाहेबांच्या आधीच्या पिढीतले हे नाव आपल्या घरांत आज फारसे घेतले जात नाही. परंतु सरकारकडे मागणे कसे मागावे, हे त्यांच्या आयुष्यावरून शिकण्यासारखे आहे.

शिवरामजींचा जन्म १८७५ चा. त्यांचे कार्यक्षेत्र पुणे. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. साहेब लोकांच्या जेवणाची व्यवस्था पाहणारा हा माणूस स्वतःच्या हिमतीवर लिहायला-वाचायला शिकला, आणि जोतीराव फुले यांच्या विचारांनी तो जागा झाला. सत्तेतली माणसे रोज त्यांच्या डोळ्यांपुढे होती. एखाद्याची मर्जी सांभाळून आपल्या घरापुरती चार पैशांची सोय लावावी, असा मोह अशा जागी कोणालाही होईल. परंतु इतिहासात शिवरामजींचे नाव राहिले ते गावोगावची माणसे एकत्र बसवून त्यांच्या नावाने अर्ज पाठवल्याबद्दल.

तो अर्ज कशासाठी होता हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत जे पडले, त्यांत महार होते आणि तेथील स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. फौजेमुळे महाराच्या घरात रोख पगार आला, पेन्शन आली, आणि मुख्य म्हणजे पलटणीच्या शाळेतून अक्षर आले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच परंपरेतले. पण १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने लष्कराची नवी रचना केली आणि महारांची भरती बंद केली. काही जाती लढाऊ आणि बाकीच्या लढाऊ नव्हेत, असे सरकारने ठरवून टाकले. समाजाला वर चढायला जी एकच शिडी होती तीही काढून घेतली गेली.

भोरहून वरंध घाट उतरला की महाड. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त लष्करी माणूस. या अन्यायाविरुद्ध त्यांनी १८९४ साली सरकारसाठी अर्ज लिहिला. गोपाळबाबा १९०० साली गेले. दार बंदच राहिले. ते काम शिवराम जानबांनी पुढे चालवले.

१९०३ साली सासवडला सभा भरली. आपल्याकडून कापूरहोळ-नारायणपूरच्या वाटेने गेले की सासवड लागते. या सभेला ५१ गावांचे महार जमले. हा आकडा नीट ध्यानात घ्या. तो मोटारींचा काळ नव्हता. गावकीचे काम सोडून दुसऱ्या गावी जायचे म्हणजे पाटलाचा रोष ओढवून घ्यायचा आणि बलुत्याला मुकण्याची तयारी ठेवायची. तरी माणसे आली. तिथे विचार झाला, मागण्या ठरल्या आणि सरकारकडे अर्ज करण्याचे ठरले. अर्जावर दीड हजारांवर लोकांची नावे होती. मागणे साधे होते. सरकारी खात्यांतील खालच्या जागा आम्हांला मिळाव्यात, पोलिसांत घ्यावे आणि लष्कराची भरती पुन्हा सुरू करावी.

सरकारला हवे तितके नेमके आणि हवे तितके खरे, असे ते मागणे होते. महारांनी पूर्वी फौजेत सेवा केली आहे, ती सरकारच्याच दप्तरात नोंदलेली आहे, मग आज नालायक कसे ठरवता, असा त्याचा आशय होता. सरकारच्या कागदाला सरकारचाच कागद दाखवला होता. त्यात दुसऱ्या कोणाच्या तोंडचा घास काढून आम्हांला द्या, अशी मागणी नव्हती.

सरकारने भरतीचे दार उघडले नाही. कित्येक चळवळी अशाच वेळी संपतात. अर्ज केला, काही झाले नाही, म्हणून माणसे घरी जाऊन बसतात किंवा पुढाऱ्याला शिव्या देतात. शिवरामजी बसले नाहीत. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. एका बटलरने मासिक चालवावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सरकारला जे सांगायचे ते आधी आपल्या माणसांना समजले पाहिजे, ते त्यांच्यात बोलले गेले पाहिजे, हे काम त्या मासिकाने केले.

याच काळात त्यांनी घरातला केरही काढायला घेतला. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहून त्यांना मुरळी करण्याची चाल आपल्या समाजाला लागलेली होती. नवसाच्या नावाखाली मुलीचे आयुष्य उद्ध्वस्त होई. शिवरामजींनी मासिकातून या चालीवर सतत आघात केला. मुरळ्यांनी संसार थाटावा आणि तरुणांनी त्यांच्याशी लग्न करावे, असे आवाहन केले. १९०९ साली गणपतराव हणमंतराव गायकवाड या कार्यकर्त्याने शिवूबाई या मुरळीशी लग्न लावले. शिवूबाईंचे स्वतःचे पत्रही या मासिकात छापले गेले. बोलणाऱ्या पुरुषांच्या सभेत एका पिडलेल्या बाईचा शब्द छापून येणे, याचे मोल फार मोठे आहे.

सरकारपुढे न्याय मागायचा आणि आपल्याच लेकीवर अन्याय करायचा, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही. शिवरामजींनी दोन्ही कामे एकाच वेळी चालवली, म्हणून त्यांच्या मागण्याला वजन आले.

१९१० साली दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे पुन्हा अर्ज गेला. या वेळी तो मुंबईच्या गव्हर्नरवर न थांबता थेट विलायतेत, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे पाठवला होता. लष्कराची धोरणे मुंबईत ठरत नाहीत हे त्यांनी ओळखले होते. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडेच मागणे न्यावे. शिपायाशी भांडून साहेबाचा हुकूम बदलत नाही. या अर्जातही फौजेतील जुन्या सेवेचा दाखला होता, आणि मोठे राजकीय अधिकार न मागता शिपायाच्या आणि चाकरीच्या खालच्या जागांपासून सुरुवात करण्याची तयारी होती.

हाही अर्ज लगेच फळला नाही. पुढे पहिल्या महायुद्धात सरकारला माणसांची गरज पडली आणि १९१७ साली महारांची स्वतंत्र पलटण, १११ वी महार, उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ साली ती मोडली गेली. खरे सांगायचे तर दार उघडले ते सरकारच्या गरजेने. परंतु गरज पडली तेव्हा ही माणसे तयार आहेत, पंचवीस वर्षे मागत आहेत, हे सरकारच्या कागदावर आधीच चढलेले होते. १९४१ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा त्या मागणीच्या मागे जवळपास अर्ध्या शतकाची लिखापढी होती.

शिवरामजी बाबासाहेबांच्या चळवळीतही दिसतात. कोरेगावच्या स्तंभापाशी सभा भरवण्याचा प्रघात त्यांनी पाडला, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले. १९२९ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पर्वतीवरील मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. त्याच्या पुढाऱ्यांत शिवरामजी होते. सत्याग्रहींवर दगड पडले. आयुष्यभर अर्ज करणारा माणूस उतारवयात सत्याग्रहात उभा राहिला. अर्जाने भागत नाही तिथे शांतपणे, उघडपणे आणि मार सोसून उभे राहणे हाच त्याच्या पुढचा मार्ग होता.

त्यांच्या काळाच्या मर्यादाही आपण लपवू नयेत. आपण सोमवंशी क्षत्रियांचे वंशज आहोत, असे त्या पिढीला सांगावेसे वाटे. त्यांच्या अर्जांची भाषा राजनिष्ठ आणि नम्र असे. माणूस म्हणून हक्क आहे एवढे कारण पुरेसे असते, कुळाचा दाखला लागत नाही, हे बाबासाहेबांनी पुढे शिकवले. १९५६ च्या दीक्षेनंतर तर आपल्याला कोणत्याही वर्णात जागा शोधायची नाही. आज आपण अर्ज करतो तो संविधानाने नागरिक म्हणून. तेव्हा त्या अर्जांतली नम्र भाषा घ्यायला नको, तयारी मात्र पुरती घ्यावी.

आता आपल्या भागाचा विचार करू. सासवड तेव्हा इंग्रजी मुलखात होते. भोर आणि वेल्ह्याचा मुलूख मात्र पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी त्या संस्थानच्या तालुक्यांची नावे होती. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झाले. तोवर इकडच्या माणसाला दाद मागायची तर आधी दरबार, मग बाहेरचे जग. शेजारच्या दोन गावांना दोन वेगळी सरकारे होती. आज तसे नाही. वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण तिथल्या वाडीतल्या बाईला आणि पुण्यातल्या वकिलाला कायदा एकच आहे.

मागणे धीराने लावून धरले तर काय होते, याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. ती वतने कायद्याने संपली ती १ ऑगस्ट १९५९ पासून. धर्मांतरानंतर आपल्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने १९६० साली त्या राज्यापुरत्या दिल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळायला १९९० उजाडले. पहिल्या कामाला एकतीस वर्षे लागली, दुसऱ्याला चौतीस. मधल्या प्रत्येक वर्षी कोणीतरी निवेदन लिहीत होते.

तेव्हा विहाराकडे जाणारा रस्ता असो, स्मशानभूमी असो, वतनाच्या जमिनीचा सातबारा असो किंवा मुलाचा जातीचा दाखला असो, दलालाच्या हातात पैसे ठेवण्याआधी शिवरामजींची रीत आठवा. पहिल्यांदा वस्तीने एकत्र बसावे, आणि त्या बैठकीत स्त्रियांनी बोलावे. ज्यांच्यासाठी मागायचे त्यांनी स्वतः सही करावी. दुसऱ्याने त्यांच्या नावाने करू नये. अर्जात खोटा आकडा घालू नये. सम्यक वाचा विहारात पाळायची आणि तहसील कचेरीत सोडायची, असे चालत नाही. काम तलाठ्याचे, तहसीलदाराचे, प्रांताचे की जिल्हा परिषदेचे ते आधी विचारून घ्यावे. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर जोडावा. अर्जाची प्रत ठेवावी, पोच घ्यावी, आवक क्रमांक लिहून घ्यावा. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या अर्जाचे काय झाले ते विचारावे. ३० दिवसांत माहिती देणे कचेरीवर बंधनकारक आहे. त्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही.

चहापाण्याचे पैसे देऊ नयेत. आज आपण पैसे दिले तर उद्या शेजारच्या गरिबालाही द्यावे लागतील. आपल्या मागण्यात मातंग वस्ती, कातकऱ्यांची वाडी, धनगरवाडा यांचे काही हिरावले जात नाही ना, तेही पाहावे. जमले तर त्यांनाही बरोबर घ्यावे. आणि पुढाऱ्याने अर्जाच्या मोबदल्यात स्वतःसाठी काही मागितले, तर त्या दिवसापासून तो अर्ज वस्तीचा राहत नाही.

दुसऱ्यांचा कागद वाहता वाहता आपल्या पूर्वजांचे पाय झिजले. शिवराम जानबांनी ५१ गावांना स्वतःचा कागद लिहायला लावला. आज आपल्या घरात शाळेत जाणारी मुले आहेत. वस्तीचा पुढचा अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि तो सर्वांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

जयभीम.