पेडणं ज्यांच्या तहाने गेलं ते खेमसावंत राजेबहादूर

पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याहून पेडण्यात उतरताना भाषा बदलत नाही, देव बदलत नाहीत, आडनावंही तीच राहतात. बदलतं फक्त राज्य. ही रेघ तिथे कोणी ओढली असं विचारलं की बहुतेक जण पोर्तुगिजांचं नाव घेतात, आणि ते अर्धंच खरं. पेडण्याच्या बाबतीत ती रेघ एका तहाने पडली आणि त्या तहावर दुसऱ्या बाजूने आपलाच राजा होता. सावंतवाडीचे तिसरे खेमसावंत, म्हणजेच राजेबहादूर.

१७५५ मध्ये ते गादीवर आले आणि १८०३ मध्ये वारले. ४८ वर्षांचा कारभार. सावंतवाडीत आजही त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, कारण तिथला राजवाडा त्यांच्याच काळातला. विद्वानांना त्यांच्या दरबारात मान होता. सावंतवाडीची गंजिफाही त्यांच्याच आश्रयाने रुजली असं मानतात. हे सगळं खरं असलं तरी त्या ४८ वर्षांत लढाई नाही असा काळ शोधायला गेलं तर फार थोडा सापडतो.

भांडण त्यांच्या जन्माआधीचं होतं. १७३९ मध्ये मराठे वसईला भिडले तेव्हा सावंत बारदेशात घुसले आणि बराचसा मुलूख त्यांनी दाबला. दोन वर्षांत तो सोडावा लागला. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने उट्टं काढलं. पेडण्यातला हळर्णचा किल्ला त्याने तोफा लावून घेतला. लिस्बनला त्याचं एवढं कौतुक झालं की त्याला त्या किल्ल्याच्याच नावाची पदवी मिळाली, मार्किस ऑफ आलोर्ना. आपल्या हळर्णचं नाव असं पोर्तुगालच्या सरदारघराण्याला जाऊन चिकटलं. त्याच साली तेरेखोलचा किल्लाही गेला. डिचोली, साखळीही पोर्तुगिजांकडे गेली. पुढे लिस्बनचं धोरण पालटलं आणि १७६१ च्या तहाने यातला बराच मुलूख सावंतांना परत मिळाला. म्हणजे १५ वर्षांत दोनदा मालक बदलले. हे मालक बदलणं कागदावर एका ओळीत लिहून होतं. डिचोलीच्या गावकऱ्याला मात्र दर खेपेला नवा वसुलीवाला आणि नवी शिबंदी पोसावी लागत होती.

खेमसावंत गादीवर आले तेव्हा वयाने लहान होते, कारभार घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती होता. त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते १७६३ मध्ये, लग्नाने. मुलगी शिंद्यांच्या घरची, जयाप्पा शिंद्यांची लेक लक्ष्मीबाई. जयाप्पा नागोरला मारले गेले होते, तिचा भाऊ जनकोजी पानिपतात गेला होता, आणि घराण्याची सूत्रं पुढे चुलते महादजींकडे आली. कोकणातल्या एका लहान संस्थानाला उत्तरेतल्या सर्वांत मोठ्या सरदाराचं नातं मिळालं. या नात्याच्या जोरावर दिल्लीच्या बादशहाकडून राजेबहादूर हा किताब आला, मोर्चेल धरण्याचा मान आला.

आज आपल्याला वाटेल, मोरपिसांच्या चवरीवरून कोण भांडतं! पण कोल्हापूरची गादी ही छत्रपतींची गादी. त्यांच्या लेखी सावंत म्हणजे वाडीचे देशमुख, आणि त्या देशमुखाने छत्रपतींच्या बरोबरीने मोर्चेल मिरवावं हे कोल्हापूरला सहन होणं शक्यच नव्हतं. जमिनीचे आणि किल्ल्यांचे वाद होतेच, त्यांना आता अपमानाची धार आली. दोघंही मराठी, दोघंही भोसले, मध्ये एक घाट. तरी या दोघांनी समोरासमोर बसून मिटवलं असं फारसं घडलं नाही. एकाने पुण्याकडे पाहायचं, दुसऱ्याने ग्वाल्हेरकडे. माझ्या मते खेमसावंतांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथेच आहे. त्यांना शांतता हवी होती याबद्दल शंका नाही, पण ती प्रत्येक वेळी त्यांनी तिसऱ्याच्या हातून मागितली.

तिसऱ्याचा हात काय भावाने पडतो याचा पहिला धडा इंग्रजांनी दिला. १७६५ मध्ये मुंबईच्या आरमाराने रेडीचा यशवंतगड घेतला. कारण सांगितलं ते समुद्रावरच्या चाचेगिरीचं. पुढच्या वर्षी तह झाला. सावंतांनी २ लाख रुपये द्यायचे आणि किल्ला परत घ्यायचा. तिजोरीत एवढे पैसे होते कुठे? मग वेंगुर्लं १३ वर्षांसाठी गहाण पडलं. बंदराचं उत्पन्न इंग्रजांनी घ्यायचं आणि त्यातून रक्कम फिटायची. मुदत संपली तेव्हा इंग्रज म्हणू लागले की उत्पन्न ठरल्याएवढं आलेलंच नाही, सबब वेंगुर्लं सोडत नाही. शेवटी १७८० मध्ये सावंतांच्या माणसांनी वेंगुर्ल्यावर चालून जाऊन ते घेतलं. सावकाराकडे गहाण टाकलेलं शेत सोडवताना आपल्याकडच्या किती घरांचं असंच झालं, ते वाचकाला वेगळं सांगायला नको.

याच काळात बांद्याला एक कुळकर्णी होता, मूळचा पेडण्यातल्या पालयेचा. वतनाचा कारभार सोडून तो नाथपंथी झाला. तेच सोहिरोबानाथ आंबिये. त्यांच्या वैराग्याची कारणं संतचरित्रांत वेगळी सांगितली जातात, आणि ती तशीच असोत. पण त्या दिवसांत बांद्याच्या कुळकर्ण्याच्या दप्तरात काय काय येत असेल याचाही विचार मनात येतोच.

पोर्तुगीज तोवर स्वस्थ बसले नव्हते. सावंत कोल्हापूरच्या आणि घरच्या भांडणात गुंतलेले पाहून १७८१ मध्ये त्यांनी डिचोली आणि साखळी पुन्हा घेतली, पाठोपाठ सत्तरी. सत्तरीचे राणे सावंतांवर आधीपासून नाराज होतेच. ज्या राण्यांनी पोर्तुगिजांना तिथे पाय रोवू दिला त्याच राण्यांनी पुढची सव्वाशे वर्षं पोर्तुगिजांविरुद्ध बंडं केली, दीपाजी राण्यांचं १८५२ चं बंड त्यातलंच. पण ती वेगळी गोष्ट.

कोल्हापूरची फौज पुन्हा खाली उतरली आणि एकामागून एक किल्ले गेले. महादजी त्या वेळी उत्तरेत स्वतःच्याच संकटात होते, १७८७ मध्ये लालसोटला त्यांना माघार घ्यावी लागली होती. ग्वाल्हेरहून कुमक येईपर्यंत वाडी टिकेल की नाही हाच प्रश्न. तेव्हा खेमसावंत ज्यांनी डिचोली नेली त्याच पोर्तुगिजांकडे वळले. जानेवारी १७८८ मध्ये तह झाला. कोल्हापूरविरुद्ध मदतीच्या बदल्यात पेडणे महाल पोर्तुगिजांना दिला.

त्या तहात काय देऊन काय घेतलं? दोन्ही घराणी जुनी वैरी असूनही एक गोष्ट नीट झाली. नव्याने आलेल्या मुलखात देवस्थानं, गावकरी आणि चालीरीती यांना हात लावायचा नाही हे धोरण पोर्तुगिजांनी ठेवलं. तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत दोनशे वर्षांपूर्वी देवळांचं जे झालं ते पेडण्यात आणि डिचोलीत झालं नाही. पेडण्याची भगवती जागेवर राहिली. देशप्रभूंचा वाडा राहिला, त्यांना पुढे पोर्तुगीज किताबही मिळाला. पोर्तुगिजांना हे औदार्य सुचलं ते प्रेमापोटी नाही. सरहद्दीवरची रयत उठली तर ती सांभाळायला फौज नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

पण पेडण्याच्या माणसाला कोणी विचारलं नाही. अफगाणिस्तानबाबत २०२० च्या फेब्रुवारीत दोह्याला करार झाला तेव्हा अमेरिका आणि तालिबान सही करत होते, काबूलचं सरकार त्या मेजावर नव्हतंच. काळ आणि माणसं वेगळी, तुलना फार ताणू नये. तरी ज्यांच्या घरावर लढाई चालली आहे त्यांना सोडून तह करण्याची ही रीत जुनी आहे, आणि ती आपल्या तेरेखोलच्या काठीही चालून गेली आहे.

किल्ले मात्र पुढे परत मिळाले. शिंद्यांचं वजन पडलं आणि कोल्हापूरने ते सोडले. शिंद्यांच्या दरबारात तेव्हा पेडण्यातल्याच केरी गावचे जिवबादादा केरकर बक्षी होते, म्हणजे ज्या महालाचा तो माणूस तो महाल आता पोर्तुगिजांकडे आणि तो स्वतः हिंदुस्थानच्या मोठ्या फौजेचा मुख्य. किल्ले आले, पण त्यांच्यापायी दिलेलं पेडणं काही आलं नाही.

१८०३ मध्ये राजेबहादूर वारले. मुलगा नव्हता. राण्यांमध्ये आणि भाऊबंदांमध्ये गादीचं भांडण पेटलं. लक्ष्मीबाईंनी दत्तक घेतलेल्या रामचंद्राचा १८०७ मध्ये खून झाला. १८१२ मध्ये वेंगुर्लं कायमचं इंग्रजांकडे गेलं, १८१९ च्या तहाने उरलेलं संस्थानही त्यांच्या छत्राखाली आलं. पेडणं आणखी १४२ वर्षं, डिसेंबर १९६१ पर्यंत, पोर्तुगिजांकडे राहिलं. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या उत्तर काठाला, सिंधुदुर्गाला खेटून उभा असूनही आज गोव्यात मोजला जातो.