कांदिदो पोर्तिनारी

कॉफीचा पेला ओठीं लावितांना तिचे दाणे कोणीं वेचले, हा विचार आमच्या मनांत क्वचितच येतो. ब्राझील देशाचे थोर चित्रकार कांदिदो पोर्तिनारी यांनीं मात्र त्या वेचणाऱ्या हातांचा स्वतःस जन्मभर विसर पडूं दिला नाहीं.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १९०३ रोजीं साओ पाउलो प्रांतांत, ब्रोडोव्स्की गांवाजवळील एका कॉफीच्या मळ्यावर झाला. आईबाप इटलीहून पोटासाठीं आलेले, भावंडें बारा. प्राथमिक शिक्षणापलीकडे शाळेचें भाग्य कांदिदोस लाभलें नाहीं. गांवच्या ख्रिस्तमंदिराची सजावट करावयास फिरते कारागीर आले, तेव्हां हा मुलगा त्यांच्या हाताखालीं राबला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो रिओ दि जानेरो येथें गेला व चित्रकला शिकूं लागला.

१९२८ सालीं एका व्यक्तिचित्राबद्दल त्यांस परदेशप्रवासाचें पारितोषिक मिळालें. फ्रान्स, इटली, इंग्लंड व स्पेन हे देश त्यांनीं पाहिले. १९३१ सालीं ते परतले, तेव्हां बरोबर चित्रें अगदीं मोजकीं होतीं. प्रवास वायां गेला असें कोणासहि वाटलें असतें. परंतु दूर गेल्यावरच आपलें गांव त्यांस स्पष्ट दिसूं लागलें होतें, आणि तेथील माणसेंच रंगवावयाचीं असा त्यांचा निश्चय झाला होता.

१९३५ सालीं त्यांच्या ‘कॉफी’ या चित्रास अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी प्रदर्शनांत सन्माननीय उल्लेख मिळाला. त्यांतील मजुरांचे हातपाय मुद्दाम मोठे काढिले आहेत. १९४४ सालीं त्यांनीं दुष्काळामुळें घरदार सोडून निघालेलें एक कुटुंब रंगविलें. अशीं कुटुंबें त्यांनीं लहानपणीं आपल्या गांवावरून जातांना पाहिलीं होतीं.

पण ज्या रंगांनीं कीर्ति दिली, त्यांतील शिसें त्यांच्या शरीरांत भिनत गेलें. वैद्यांनीं ते रंग सोडण्याविषयीं बजाविलें. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रसंघास ब्राझीलची भेट म्हणून ‘युद्ध’ व ‘शांति’ हीं दोन चित्रें काढण्याचें काम त्यांजकडे आलें. प्रत्येक चित्र सुमारें १४ मीटर उंच व १० मीटर रुंद! १९५२ पासून १९५६ पर्यंत ते त्यांतच गढून गेले. त्यांच्या युद्धांत शस्त्रें दिसत नाहींत. मृत मुलांसाठीं शोक करणाऱ्या आया दिसतात. १९५७ सालीं न्यूयॉर्क येथें तीं चित्रें अर्पण झालीं, तेव्हां चित्रकार मात्र तेथें नव्हते. साम्यवादी पक्षाशीं असलेल्या संबंधामुळें अमेरिकेचें दार त्यांस बंद होतें. शिशाच्या विषानेंच ६ फेब्रुवारी १९६२ रोजीं, अवघे अठ्ठावन्न वर्षांचे असतांना, रिओ येथें त्यांचें देहावसान झालें.

वैद्यांचें न ऐकणें अनुकरणीय आहे, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगणार नाहीं. परंतु त्यांपैकीं कांहीं उद्यां शिक्षणासाठीं दूर जातील, आणि परतल्यावर घरच्यांच्या राकट हातांची त्यांस कदाचित् लाज वाटेल. त्या वेळीं त्यांनीं पोर्तिनारींची आठवण करावी. युरोपांतील चित्रालयें पाहून आलेल्या या पुरुषास रंगविण्याजोगे हात आपल्याच मळ्यांत सांपडले.