व्हित्तोरिओ सेला: अठरा किलोच्या कॅमेऱ्याने आल्प्स टिपणारा फोटोग्राफर

स्वित्झर्लंड फिरून आलेल्या कुणाचाही फोन बघा. मॅटरहॉर्नचे ढीगभर फोटो असतात, पण बहुतेक सगळे एकसारखे. आता अशा माणसाची गोष्ट वाचा, ज्याला एका फोटोसाठी जवळपास एक किलोची काच डोंगरावर न्यावी लागायची.

व्हित्तोरिओ सेला यांचा जन्म १८५९ चा, आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या इटलीतल्या बिएला गावचा. वडिलांनी १८५६ मध्ये फोटोग्राफीवर इटालियन भाषेत पुस्तक लिहिलं होतं. काका क्विंतिनो सेला यांनी १८६३ मध्ये इटालियन अल्पाइन क्लब काढला. म्हणजे केमिस्ट्री आणि डोंगर, दोन्ही घरातच!

मार्च १८८२ मध्ये सेला भर थंडीत इटलीच्या बाजूने मॅटरहॉर्न चढले आणि स्वित्झर्लंडच्या बाजूने उतरले. हिवाळ्यात हे शिखर त्याआधी कुणीच सर केलं नव्हतं. पुढे त्यांनी ३० × ४० सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेट घेणारा मोठा कॅमेरा वापरला. त्याचं वजन साधारण १८ किलो. एवढ्या ओझ्यात मोजक्याच प्लेट नेता यायच्या, त्यामुळे जागा आणि उजेड आधी ठरवायचा आणि मगच फोटो काढायचा.

हीच शिस्त आपल्याही कामाची आहे.

एक, उजेड. दुपारच्या उन्हात बर्फ सपाट दिसतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असतं, तेव्हा सावल्यांमुळे उंच-सखलपणा कळतो.

दोन, माणूस. सेला यांच्या अनेक फोटोंत अवाढव्य हिमनदीवर मुंगीएवढे गिर्यारोहक दिसतात. त्यामुळेच डोंगराचा आकार डोळ्यात भरतो. तुमचा मित्र सेल्फीपेक्षा तिथे जास्त उपयोगी!

तीन, पॅनोरमा. सेला अनेक प्लेट शेजारी-शेजारी जोडून पूर्ण पर्वतरांग दाखवायचे. फोनचा पॅनोरमा मोड तेच करतो. फोन उभा धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि हळू फिरा.

चार, बर्फाचा रंग. कॅमेऱ्याचं मीटर प्रत्येक दृश्य मध्यम राखाडी समजतं, म्हणून बर्फ मळकट येतो. एक्स्पोजर थोडं वाढवा, पण बर्फावरचे बारकावे पुसले जाणार नाहीत एवढंच.

सेला आल्प्सपुरते थांबले नाहीत. ते कॉकेशस, अलास्का आणि आफ्रिकेतल्या रुवेन्झोरीला गेले, १८९९ मध्ये कांचनगंगेभोवतीच्या मोहिमेत सिक्कीममध्ये आले आणि १९०९ मध्ये के-टू परिसरात पोचले. त्यांचे फोटो इतके स्पष्ट होते, की नंतरचे गिर्यारोहक त्यावरून वाटा शोधायचे. १९४३ मध्ये बिएलातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या फोटोंना आता आणखी एक काम आलंय. त्याच जागी उभं राहून नवे फोटो काढले जातात आणि हिमनदी किती मागे सरली ते शेजारी-शेजारी ठेवून बघितलं जातं. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी सुमारे १० टक्के बर्फ गमावला.

म्हणून झेरमाटहून रेल्वेने गोर्नरग्राटला (३,०८९ मीटर) गेलात, की मॅटरहॉर्न झाल्यावर खालच्या गोर्नर हिमनदीकडेही कॅमेरा वळवा. फोनचं लोकेशन सुरू ठेवा, तारीख बरोबर आहे ना ते बघा आणि मूळ फाइल डिलीट करू नका. वीस वर्षांनी कुणी त्याच कठड्यापाशी उभं राहिलं, तर तुलना करायला तुमचा फोटो उपयोगी पडेल.