उषवदाताची अक्षय ठेव



दानशूर म्हटलं की आपल्याला जेतवन देणारा अनाथपिंडिक आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्याच मुलखात, नाशिकला, सुमारे 1900 वर्षांपूर्वी उषवदात नावाचा एक मोठा दाता होऊन गेला. त्याचं चरित्र कोणत्या पोथीत नाही, लेण्यांच्या भिंतीवर कोरलेलं आहे. लोक त्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काहीएक संबंध नाही. शिलालेखात त्या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे.

उषवदात हा शक, दिनीकाचा मुलगा. क्षहरात क्षत्रप नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची पत्नी, तिनेही त्या लेण्यात खोली दान दिली. सासऱ्याच्या हुकमाने त्याने लढाया केल्या. पण लेखात जास्त जागा दानालाच आहे. भडोच, सोपारा, गोवर्धन इथे धर्मशाळा. तापी, दमण, डहाणू इथल्या नद्यांवर फुकट नावा. ब्राह्मणांना तीन लाख गाई आणि दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना भोजन. हे वाचून आपल्यातल्या काहींना राग येतो. आकडे फुगवलेले असतील, पण कोरलेलं आहे ते लपवू नये.

खरी बघण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. त्रिरश्मीवर त्याने लेणं कोरून चारी दिशांच्या भिक्खू संघाला दिलं, म्हणजे कुठूनही येणाऱ्या भिक्खूला तिथे हक्काची जागा. नुसतं लेणं देऊन भागत नाही, तिथे राहणाऱ्यांच्या चीवराचं काय? म्हणून त्याने 3000 कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली. कोणाकडे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे! एकीकडे 2000, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं. 2000 चं वर्षाचं व्याज 240. वर्षावासाला राहणारे भिक्खू 20, प्रत्येकाला चीवरासाठी 12. करा हिशोब, पैचा फरक नाही! वर हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. आपली जयंतीची वर्गणी मंडप-लायटिंगमध्ये जयंतीलाच संपते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

गिरणीत जन्म घालवलेल्यांनी तर हे वाचलंच पाहिजे. आज कामगार कर्जाला गेला की बँक आधी जामीनदार आणायला सांगते. तेव्हा राजाचा जावई आपली ठेव विणकरांच्या भरवशावर ठेवत होता. त्या विणकरांची नावं मात्र कोणी कोरली नाहीत.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. उषवदाताच्या ताब्यात असलेलं काखडी गावचं 200 निवर्तन शेत त्याने त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिलं. म्हणजे सत्ता बदलली तरी संघ राहिला. पण सहा वर्षांतच नवा लेख कोरावा लागला. काखडी गाव ओस पडलं होतं, शेत कोणी कसत नव्हतं. तेव्हा राजाने आणि त्याच्या आईने नगराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतलं 100 निवर्तन शेत बदली दिलं.