प्रजेचा दाखला, नागरिकाचा हक्क

बेने इस्रायल समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा जन्म १८३० सालचा. आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावचे, मातृभाषा मराठी आणि धर्म यहुदी. कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी शनवार तेली म्हणत.

कंपनी सरकारच्या पलटणींना या समाजाने अनेक सुभेदार-जमादार दिले. पुढे साम्राज्याने लष्कराची रचना जातवार केली, तेव्हा एवढ्या लहान समाजाला स्वतंत्र तुकडी कोठून मिळणार? निष्ठा होती, तिच्यासाठी रकाना नव्हता. दुसरीकडे, बगदादकडून आलेल्या यहुद्यांनी १८३६ सालीच मुंबईच्या सामाईक दफनभूमीत मध्ये भिंत मागितली होती. राज्यकर्ते जात विचारीत, धर्मबंधू कुळ विचारीत.

या कोंडीतून केहिमकरांनी विद्येची वाट काढली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले होते. तथापि धर्मभाषेसाठी मिशनऱ्यांवर किती काळ विसंबावे? १८७५ साली केहिमकरांनी सहकाऱ्यांसह मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली.

समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ साली इंग्रजीत लिहून पुरा केला. त्यात चालीरीतींबरोबर लष्करी सेवेची व हुद्द्यांची तपशीलवार नोंद आहे. दाखला ज्यांच्यापुढे ठेवायचा, ते इंग्रजी वाचणारे होते. ग्रंथ छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीव येथे. तोवर लेखक निवर्तले होते आणि साम्राज्यही उतरणीस लागले होते.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथेही विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढली गेली. ते पूर्ण यहुदी आहेत, हे १९६४ साली जाहीर व्हावे लागले. महाराष्ट्राने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली.

सेवेच्या यादीने मान मिळतो, हक्क मिळतोच असे नाही. प्रजेला आपली लायकी पुनःपुन्हा सिद्ध करावी लागते. नागरिकाला ती सिद्ध करावी लागू नये, हाच साम्राज्य आणि प्रजासत्ताक यांतील भेद होय. आमच्या सोलापुरात नवी पेठेच्या एका फेरीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानी पडतात. घरची भाषा निराळी म्हणून येथे कोणाचे सोलापूरकरपण उणे ठरत नाही. केहिमकरांना आयुष्यभर पुरावे गोळा करावे लागले. तशी पाळी आपल्या कोणत्याही शेजाऱ्यावर येऊ न देणे, हे आपले कर्तव्य आहे.