वेदना हरवलेल्यांच्या गावात

बाबा आमटे म्हटले की आनंदवन आठवते, खादीची बंडी आठवते. पण हा माणूस कित्येक वर्षे खुर्चीत बसूच शकत नव्हता, हे चटकन आठवत नाही. मानेचे आणि कमरेचे मणके झिजलेले. चालायचे, उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे.

लोणारला बँकेच्या शाखेत असताना मला सायटिकाने गाठले, तेव्हापासून मी बाबांच्या चरित्राकडे या अंगाने पाहू लागलो. कमरेतून निघालेली कळ पोटरीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाई. धारेवरून सरोवराकडे उतरणारी वाट पाहूनच धडकी भरे. जो तो म्हणे, मणक्यात गॅप आली. माझी कळ तीन महिन्यांत ओसरली. शाखेतल्या एका सहकाऱ्याची मात्र वर्षानुवर्षे टिकली. दुखणे एकच, मग असे का व्हावे?

बाबांचा जन्म 26 डिसेंबर 1914 चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचे, शिक्षण वकिलीचे. वरोऱ्याला असताना त्यांना पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला आणि ते भीतीने पळाले. त्या भीतीची लाज वाटून ते परतले, त्याची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. प्रयोगासाठी स्वतःला जंतूही टोचून घेतले. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. साधनाताई, दोन लहान मुले, मोजके रुग्ण आणि वरोऱ्याजवळची खडकाळ जमीन, एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले.

कुष्ठरोगात नसा मरतात आणि दुखणेच कळेनासे होते. तापलेले भांडे हात भाजते, खिळा तळव्यात शिरतो, पण पत्ता लागत नाही. बोटे जातात ती बहुधा अशा न कळलेल्या जखमांमुळे. वेल्लोरला हे दाखवून देणारे डॉ. पॉल ब्रँड हेही 1914 चेच. वेदना ही घराची घंटा. आनंदवनात आलेल्यांची घंटा बंद पडलेली होती आणि त्यांच्यात राहणाऱ्या बाबांची थांबतच नव्हती.

घंटा का थांबत नाही, याचा शोध शास्त्रज्ञ आजही घेत आहेत. सायटिकात बहुधा मणक्यांमधली चकती सरकून नसेवर दाब येतो, सूज येते. बहुतेकांचे काही आठवड्यांत वा महिन्यांत निवळते. सरकलेला भाग पुष्कळदा शरीरच जिरवून टाकते. पण 1983 साली क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होऊ शकतात. मग हलका स्पर्शही कळ बनतो. मोडलेली झोप, खचलेले मन, हालचालीची धास्ती यांचेही लांबलेल्या दुखण्याशी नाते आढळते. फोटोवरून सगळे कळत नाही. अमेरिकेत 1994 साली पाठ न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली. कोणाची कळ टिकेल, हे आधी नेमके सांगणे अजून डॉक्टरांना जमलेले नाही.

बाबांचे दुखणे गेले नाही. त्यांनी कामाची मांडणी बदलली. 1985 साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे. 1988 साली अरुणाचलातून ओखापर्यंत गेले, पुढे नर्मदाकाठी कसरावदला राहिले. 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात त्यांनी देह ठेवला.

मात्र बाबांचे उदाहरण घरातल्या दुखणाईताच्या डोक्यावर आपटू नये. बाबांच्या पाठीशी साधनाताई होत्या, गाडीत आडवे पडायची सोय होती, आनंदवनाचे शेकडो हात होते. आपल्या घरी रिपोर्टात काही निघाले नाही, की सोंग म्हणून मोकळे होतो. पाऊल लुळे पडले, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तडक इस्पितळ गाठावे. एरवी डॉक्टरांच्या सल्ल्याने झेपेल तेवढे चालावे. आणि घरच्यांनी? उभ्याने करता येईल असे एखादे काम त्याच्या हाती द्यावे, थकला की पडायला जागा द्यावी आणि दुखते म्हणाला, तर ते खरे मानावे.